मांजरपाटातली उंबरं

परवा सकाळी भाजी घेऊन लालबागच्या बाजूने येत होते आणि वासाने पाय थांबले. आंबूस-गोड, थोडासा ताडीकडे झुकणारा, उन्हात तापलेला वास. आमच्या जुन्या चाळीच्या जागी सध्या निळे पत्रे उभे आहेत. पत्र्यांच्या आत टॉवर चढतो आहे आणि पत्र्यांच्या वरून आमचा उंबर डोकावतो. त्याच्या पायथ्याशी दत्ताच्या पादुका आहेत, म्हणून त्याला हात लावायचं धाडस बिल्डरलाही झालं नाही. फुटपाथवर लाल उंबरांचा नुसता सडा पडला होता. वॉचमन खराट्याने तो गोळा करत मला म्हणाला, "मॅडम, रोज का कचरा है ये." मी म्हटलं, "कचरा नाही हो, वस्ती आहे ती." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं व्याख्यान आवरतं घेतलं.

व्याख्यान द्यायची माझी सवय जुनी आहे. बत्तीस वर्षं परळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवलं. शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. माहीत असलेलं तो ठामपणे सांगतोच, पण माहीत नसलेलंही तितक्याच ठामपणे सांगतो. आमच्या चाळीत कुणाला ताप आला, नळाला गढूळ पाणी आलं, ग्रहण लागलं, की माझ्याकडे विचारणा व्हायची आणि मीही दारात उभी राहून निकाल द्यायचे. बहुतेक वेळा निकाल बरोबर निघायचा. एकदा तो साफ चुकला, आणि त्या चुकीइतकं मला आयुष्यात दुसऱ्या कशानेच शिकवलं नाही. चाळ रिकामी करायची होती, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

लालबागेत चैत्र म्हणजे मिरची. गल्लीगल्लीतले मिरची कुटायचे डंक सुरू होतात, मालवणी मसाला कुटला जातो, आणि बसमधला उभा माणूससुद्धा शिंकतो. त्या वर्षीही तसंच होतं. नाकात मिरचीचा खाट, गॅलरीत वाळत घातलेल्या धण्यांची चादर, माझ्या टेबलावर तपासायच्या उत्तरपत्रिका. आणि घराघरातून खोकी बांधण्याच्या चिकटपट्टीचा तो चर्रर्र आवाज. मेअखेर खोल्या सोडायच्या होत्या. कोण भाड्याने परळला, कोण कल्याणला, कोण लेकाकडे पनवेलला. तीन पिढ्या एका जिन्याने चढल्या-उतरल्या आणि आता प्रत्येकाचा टेम्पो वेगळ्या रस्त्याला लागणार होता. मी कुणापुढे रडले नाही, पण पाण्याच्या पिंपावर हात ठेवून उगाच उभी राहायचे, हे खरं आहे.

तळमजल्याला उंबरासमोरच्या खोलीत तात्या राहायचे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून त्यांनी आयुष्य काढलं. गिरणी बंद पडल्यावरही कुणाच्या अंगावरच्या सदऱ्याची कड चिमटीत धरून ते कापडाची जात सांगायचे. देवगडकडचे. बायको गेल्यावर त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मासे सोडले. कोकणातल्या माणसाने मासे सोडणं ही काय गोष्ट आहे ते कोकणातल्यांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळायचं नाही. तात्यांनी ते वीस वर्षं निभावलं. शेजारी बांगडा तळला जात असताना ते शांतपणे डाळभात जेवायचे.

एका संध्याकाळी मी पेपर तपासून ओट्यावर पाय मोकळे करायला आले. तात्या उंबराकडे बघत बसले होते. खोडावर नुकतेच हिरवे दाणे धरले होते, मटाराएवढे, घोसाघोसाने.

"गो विजू," ते म्हणाले, "तू मास्तरीण. माका एक गजाल सांग. किडो नसलेला उंबर मिळात काय?"

"कशाला हवं?"

"खाऊक." मग जरा थांबून म्हणाले, "मासळीची याद येणा नाय माका. ह्येची येता. गावाक झाडार चढान खाल्लेली. फोडायची, फू करायची, केंबरां उडवायची, नि खायची. आता माळ आसा गळ्यात. आत जीव असतत. वीस वर्सां खिडकेतसून बघतंय, तोंडात एक टाकूक नाय."

केंबरं म्हणजे पिकलं उंबर फोडल्यावर आतून भुरकन उडतात ते चिलटांसारखे किडे. लहानपणी आम्ही त्यांनाच घाबरून उंबराच्या वाटेला जायचो नाही. मी तर जन्मात एकही उंबर तोंडात घातलं नव्हतं.

तात्यांनी मागितलं ते एवढंच होतं. पुन्हा या झाडाखाली राहायला येणं आपल्या नशिबात नाही, असं त्यांना वाटत होतं. डोंबिवलीला लेकीकडे जायच्या आधी या झाडाचं एक उंबर खायचं, पण कुणाचा जीव न घेता. माझ्यातली मास्तरीण ताडकन उभी राहिली. "त्यात काय! किडा बाहेरून येतो. येऊच दिला नाही म्हणजे झालं. कोवळं असतानाच पिशव्या बांधू. पेरूला, डाळिंबाला बांधतात की."

निकाल दिला. मी मच्छरदाणीचा जुना तुकडा आणला. तात्यांनी तो उजेडाकडे धरला आणि मनापासून हसले. "ह्येतसून केंबरांची वरात जायत, वाजपासकट." आत जाऊन त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. तळाशी मांजरपाटाचा एक तागा होता, त्यांच्याच खात्यात विणलेला, इतकी वर्षं कशासाठी तरी राखून ठेवलेला. "ह्या बघ. माझ्या हातच्या कापडातसून वारो जायत, केंबरू जावचा नाय." चष्मा पुसून त्यांनी पिशव्या शिवल्या. चौदा पिशव्या, प्रत्येकीला नाडी, प्रत्येक टाका सारखा. घोसावर पिशवी चढवून नाडी ओढताना त्यांचे हात इतके हळू चालायचे की बघणाऱ्यानेही श्वास धरावा. येणारेजाणारे विचारायचे, "तात्या, झाडाला मुंज लागली का?" तात्या गालात हसायचे. त्या पंधरवड्यात मी त्यांना जितकं खुशीत पाहिलं तितकं गिरणी चालू असतानाही पाहिलं नव्हतं.

तात्या आता नाहीत. नव्या घराची किल्ली हाती येण्याआधीच गेले, डोंबिवलीत लेकीकडे. लेकीने सगळं नीट केलं, कशाची उणीव ठेवली नाही. तरी ती मला फोनवर म्हणाली होती, "विजूमावशी, बाबा शेवटपर्यंत पाहुण्यासारखे वागले गं, पाणीसुद्धा मागून घ्यायचे." 

तर पिशव्या. पहिले आठ-दहा दिवस मी रोज सकाळी शाळेत जाताना बाहेरून चाचपून बघायचे. आत उंबरं वाढताहेत असं वाटायचं. मग एक दिवस पिशवी हलकी लागली. नाडी सोडली तर आतली सगळी उंबरं देठापासून सुटून तळाशी गोळा झाली होती. हिरवी, टणक, सुरकुतलेली. दुसऱ्या पिशवीत तेच. चौदाच्या चौदा पिशव्यांत तेच. आणि त्यांच्या वीतभर अंतरावर, उघड्यावर, धुळीत, कावळ्यांच्या नजरेसमोर असलेले घोस मात्र टपोरे होत चालले होते.  तात्यांनी पिशव्या काढल्या, झटकल्या, घडी घातली. मला म्हणाले, "कापड घट झाला गो. वारो लागूक नाय तेंका." म्हणजे चूक त्यांनी आपल्या कापडावर घेतली. एवढ्या वर्षांत त्यांनी आपल्या कापडाला कधी नाव ठेवलेलं मी ऐकलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कापडाचा दोष नव्हता, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. माझी मैत्रीण सुलभा शीवच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिला फोन केला. ती आधी पोटभर हसली. "अगं विजे, दार तू लावून घेतलंस, आणि आता विचारतेस की घर ओसाड का!"

त्यानंतरच्या तासाभरात सुलभाने मला जे सांगितलं, ते ऐकताना माझ्यापुढे तपासायचा गठ्ठा होता. त्यात प्रश्न होता परागीभवनाचा. मुलांनी लिहिलं होतं, वारा, पाणी, कीटक, आणि मी पूर्ण गुण दिले होते. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, उत्तर बरोबरच होतं. पण 'कीटक' या तीन अक्षरांत केवढा प्रपंच मिटवून टाकलेला असतो ते मला त्या दिवशी कळलं.

उंबराचं फूल दिसत नाही असं आपण म्हणतो. दिसेल कसं? ज्याला आपण उंबर म्हणतो तीच एक बंद पिशवी असते आणि शेकडो फुलं तिच्या आत, आतल्या बाजूला तोंड करून बसलेली असतात. पिशवीला टोकाशी एक बारीक भोक, तेही खवल्यांनी गच्च मिटलेलं. मधमाशीचं तिथे काम नाही, फुलपाखराचं तर नाहीच. तिथून आत शिरू शकते एकच, तिळाहून लहान अशी ही केंबराची मादी. तिचं डोकं चपटं, पाचरीसारखं, नेमकं त्या फटीच्या मापाचं. शिरताना तिचे पंख तुटून बाहेर राहतात, मिशा मोडतात. परत निघायची सोय नाही, आणि बहुधा तो विचारही नाही. छातीवरच्या इवल्या खिशांत तिने ज्या उंबरात जन्म घेतला तिथले परागकण भरून आणलेले असतात. ते ती फुलांवर लावते, काही फुलांत अंडी घालते, आणि तिथेच संपते.

आता गंमत अशी की सगळ्याच फुलांत तिला अंडी घालता येत नाहीत. काही फुलांची मान आखूड, तिथे तिची नळी पोचते. काहींची लांब, तिथे पोचत नाही. आखूड फुलांत तिची पोरं वाढतात, लांब फुलांत उंबराचं बी धरतं. दोघांचाही वंश चालतो, आणि कुणी कुणावर उपकार करत नाही. हे कुणी बसून ठरवलेलं नाही. जिचं डोकं फटीत बसलं तिची पोरं झाली, ज्या झाडाची फट तिला मानवली त्याचं बी झालं. बाकीचे मागे पडले. कोट्यवधी वर्षं ही दोघं एकमेकांना अशीच घासून घासून घडवत आली. आज तिच्या डोक्याचा आकार उंबराने ठरवलेला आहे आणि उंबराच्या तोंडाचा तिने. आणि जे उंबर तिच्याविना रिकामं राहिलं, ते झाड पोसत नाही. देठ सोडून देतं. आमच्या चौदा पिशव्यांत नेमकं तेच झालं होतं.

सुलभा म्हणाली, वडाचं केंबरू वेगळं, पिंपळाचं वेगळं. हे ऐकल्यापासून बंद गिरणीच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ दिसला तरी मी मनात म्हणते, चला, म्हणजे यांचीही माणसं मुंबईत टिकून आहेत. आणि ही टिकतात कशी बघा. एका झाडाची उंबरं साधारण एकदमच तयार होतात. त्यामुळे जन्मलेल्या लेकींना माहेरच्या झाडावर जागा नसते. त्यांना दुसरं झाड शोधावं लागतं, आणि त्या झाडाची उंबरं नेमकी त्याच दिवसांत कोवळी असावी लागतात. हाताशी वेळ एखाद-दोन दिवसांचा. मग ती वाऱ्यावर स्वतःला सोडून देते आणि वासावरून जाते. कदाचित परळच्या इस्पितळाच्या आवारात, कदाचित माहीमच्या खाडीकडे, कदाचित शीव कोळीवाड्यात कुणाच्या तरी परसात. फ्लायओव्हर, मोनोचे खांब, काचेच्या इमारती या सगळ्यांवरून तिळाएवढी बाई पत्ता नसताना घर गाठते. आम्ही जिना उतरून परळला राहायला जायचं तर केवढा गहजब केला होता! मला तर तेव्हापासून या शहराचा नकाशाच वेगळा दिसतो. त्यात स्टेशनं नाहीत, उंबरं आहेत.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती निराळ्या काळजीने. तात्यांना सांगायचं काय? कापड निर्दोष होतं हे सांगायलाच हवं होतं. पण ते सांगितलं की पाठोपाठ दुसरंही सांगावं लागणार होतं. बिनजीवाचं उंबर पिकत नाही. आजवर कधी पिकलं नाही, पुढे पिकणार नाही. तात्यांची एवढीशी इच्छा, आणि तिच्या आड बिल्डर नव्हता, दैव नव्हतं, खुद्द उंबरच होता. दोन-तीन आठवडे मी टाळाटाळ केली. पेपर संपले, निकालाची कामं निघाली, माझी खोकी बांधून झाली. तोवर झाडावरची उघडी उंबरं पिकून लाल झाली.

शेवटचा गुरुवार होता. पादुकांवर कुणीतरी चाफा वाहिला होता. तात्यांची खोली रिकामी, भिंतीवर तसबिरींच्या जागी पांढरे चौकोन. त्यांची पेटी ओट्यावर आणि ते पेटीवर. दुपार कलली होती. मी एक पिकलेलं उंबर तोडलं, शाळेतून आणलेलं भिंग आणि एक ताटली घेतली आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. सगळं सांगितलं. चूक माझी, कापडाची नाही, हे आधी सांगितलं. ते ऐकून त्यांचा चेहरा जरासा उजळला. मग मी बाकीचं सांगितलं. फट, तुटलेले पंख, खिशातले पराग.

उंबराला बाजूने टाचणीने टोचल्यासारखं एक भोक होतं. तात्यांनी अंगठ्याने ते उंबर फोडलं आणि ताटलीत ठेवलं. मागे राहिलेली तीन-चार केंबरं पंख झटकत बाहेर आली आणि उडाली. तात्यांनी हात मागे घेतला आणि शेवटचं उडेपर्यंत ते हलले नाहीत. मग भिंग डोळ्याला लावून आत बघत बसले.

"हे पिवळे कोण गो? पंख नसलेले?"

"ते नर. त्यांना पंख येतच नाहीत. ते आतच जन्मतात. आतून भिंत पोखरून ते भोक त्यांनीच पाडलं. लेकी त्या वाटेने बाहेर जातात, हे आत राहतात आणि मरतात. त्यांचं आयुष्यच तेवढं."

"आणि ती आवस? पयली आत गेली ती?"

"आई ना? तीही आतच. उंबर एवढं मोठं होतं की तिचं नाव-निशाण सापडत नाही."

"म्हणजे रिकामी उंबरां कधी गावूचीच नाय."

"नाही तात्या. रिकामं असेल तर पिकतच नाही."

ते भिंगातून आत बघतच राहिले. समोर डंकाचा आवाज चालला होता, वरच्या मजल्यावर कुणी तरी कपाट सरकवत होतं. मला एरवी मधल्या शांततेत काहीतरी बोलल्याशिवाय राहवत नाही. 'खायला हरकत नाही' असा निकाल जिभेवर आला होता. पण गेल्या खेपेचा निकाल आठवला आणि मी तोंड मिटून बसले.

तात्यांनी भिंग खाली ठेवलं. गळ्यातली माळ एकदा चाचपली. मग माझ्याशी नव्हे, ताटलीशी बोलल्यासारखे म्हणाले, "कोणी मारूक नाय ह्येंका. काम केल्यानी, पोरी धाडल्यानी, नि आपल्या घरात मेले. आपल्या घरात मेले ते, गो." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. हेवा होता.

त्यांनी उंबराचे दोन भाग केले. एकावर हलकेच फुंकर मारली आणि तो तोंडात टाकला. डोळे मिटले. जबडा सावकाश हलत राहिला. मी त्यांच्याकडे पाहत होते आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते मला कळलंच नाही, कारण डोळे न उघडता त्यांनी दुसरा अर्धा भाग माझ्यापुढे धरला.

"मला नको तात्या. मी कधी खाल्लं नाहीये. मला नाही जमणार."

"बांगडे खातंस मां?"

"खाते."

"मगे? पोरांका शिकवतलंस ना ह्या सगळा? खा."

त्यांच्या तळहातावर तो लाल तुकडा होता. आत बारीक बारीक दाणे, काही पिवळे, काही तपकिरी, आणि त्यांच्यामध्ये न हलणारं काहीतरी.  इतक्या वर्षांची मास्तरीण आणि एक घास गिळायची हिंमत होईना. तात्यांनी हात मागे घेतला नाही.

मी तो तुकडा उचलला आणि खाल्ला. आधी काहीच चव लागली नाही, मग मागाहून गोडी आली, मातकट आणि कोमट. दाताखाली कण करकरले. त्यातलं बी कोणतं आणि केंबरू कोणतं, हे मी शोधत बसले नाही.